जावईबापूंचा अफोगातो

एका गावात एक भोळा जावई होता. त्याचं नाव निवृत्ती. त्याचं घर आणि त्याची सासुरवाडी एकच होती, म्हणजे तो घरजावई होता. गावातली माणसं म्हणायची, घरजावयाची अक्कल सासऱ्याकडं गहाण पडते. निवृत्ती म्हणायचा, "माझं तसं नाही. गहाण टाकायला आधी जवळ असावी लागते."

असं म्हणून तो स्वतःच पहिला हसायचा. मग बाकीच्यांना हसायला मजा वाटायची नाही.

सासरे दिनकरराव शिंगटे. भर बाजारपेठेत त्यांचं 'शीतगंगा कोल्ड्रिंक हाऊस' होतं. निवृत्ती त्यांना मामा म्हणे. ते निवृत्तीला जावईबापू म्हणत. कितीही राग आला तरी जावईबापूच म्हणत. जावयाला अरेतुरे करायची त्या घरात रीत नव्हती. त्यामुळं मामांचा राग नेहमी अर्ध्या वाटेवर अडायचा आणि घशात बसायचा.

एकदा मामा कामासाठी परगावी निघाले. जाताना म्हणाले, "जावईबापू, दुकानावर नजर ठेवा."

संध्याकाळी परत येऊन बघतात तर दुकान सताड उघडं आणि निवृत्ती रस्त्यापलीकडं पारावर बसलेला. गिऱ्हाइकं येत होती, हाका मारत होती, निघून जात होती.

"जावईबापू, इथं काय करताय?"

"नजर ठेवतोय."

"मग आत बसायचं ना!"

"आत बसून दुकान कसं दिसणार, मामा? आत बसलं की रस्ता दिसतो."

मामा विचार करत उभे राहिले. यात चूक होती, पण नेमकी कुठं होती ते त्यांना चटकन सापडेना.

पुढं मामांचे गुडघे दुखू लागले. दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना ते तीन देवांची नावं घेऊ लागले. एके सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "बास झालं. आता मला निवृत्ती पाहिजे."

"मी इथंच आहे की, मामा," निवृत्ती म्हणाला.

"तुम्ही नव्हे हो! मला घरी बसायचंय."

"घरीच बसलाय तुम्ही."

मामांनी कप खाली ठेवला. निवृत्तीच्या बायकोनं, इंदूनं, पदर तोंडाला लावला.

मग मामांनी सगळ्यांसमोर सांगितलं. पाडव्याला दुकानात नवा परदेशी पदार्थ सुरू करायचा. साखर कारखान्याचे चेअरमन बापूसाहेब उद्घाटनाला येणार. तोवर दुकान जावईबापूंनी चालवायचं. कार्यक्रम नीट पार पडला तर किल्ल्या जावईबापूंच्या. नाही पडला तर दुकान संपतला.

संपत म्हणजे मामांचा पुतण्या. त्यानं आधीच सांगून ठेवलं होतं, की मी तिथं चपलांचं दुकान काढणार.

इंदू आत जाऊन निवृत्तीला म्हणाली, "अहो, मी लहानपणी त्या दुकानात बर्फाच्या पेटीवर बसून पाढे म्हटलेत. तिथं चपला टांगलेल्या मला बघवायच्या नाहीत. एवढं एक जमवा."

"जमवतो," निवृत्ती म्हणाला. "सांगतील ते अगदी तसंच करतो."

इंदूनं देवाला हात जोडले. तेच तर व्हायला नको होतं.

परदेशी पदार्थ आणला होता साडूनं. भालचंद्र हा इंदूच्या थोरल्या बहिणीचा नवरा. तो बोटीवर आचारी होता आणि त्याची बोट इटलीच्या बंदरांत थांबायची. सुट्टीवर येताना त्यानं बारीक कमरेची एक ॲल्युमिनियमची किटली आणली होती. तिच्यातून कॉफी यायची ती काढ्यासारखी काळी आणि घट्ट. मामांनी एक घोट घेतला आणि बराच वेळ डोळे मिटून बसले. निवृत्तीला वाटलं, ते नामस्मरण करताहेत.

"ही नुसती प्यायची नसते, मामा," भालचंद्र म्हणाला. "तिकडं लोक हिच्यात आइस्क्रीम खातात. त्याला म्हणतात अफोगातो."

"अफू खातो?" मामा दचकले.

"अफोगातो. म्हणजे बुडालेला. कॉफीत बुडालेला आइस्क्रीमचा गोळा. गरम आणि गार, कडू आणि गोड, सगळं एका चमच्यात."

भालचंद्र निवृत्तीकडं वळला. "समजलं ना, निवृत्तीराव? गोळा कॉफीत बुडवायचा."

"बुडवायचा," निवृत्ती म्हणाला. त्यानं धडा पक्का केला.

दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर काळदाते दुकानात आले. ते घाबरत घाबरतच आले होते. कारण दिनकररावांचा जावई अफू खातो, अशी बातमी एव्हाना पोस्टापर्यंत पोचली होती. मामांनी त्यांची समजूत काढली आणि हाक दिली, "जावईबापू, मास्तरांना एक अफोगातो!"

निवृत्तीनं मोठा ग्लास घेतला. काठोकाठ गरम कॉफी भरली. त्यात व्हॅनिलाचा गोळा सोडला.

गोळा तरंगला.

निवृत्तीनं वाट बघितली. गोळा बुडेना. त्यानं चमच्यानं गोळा खाली दाबला. चमचा काढला की गोळा वर. दाबला की खाली, सोडला की वर. निवृत्तीला त्या गोळ्याचं कौतुक वाटलं. आपण एवढे चिवट असतो तर दहावी पास झालो असतो, असं त्याच्या मनात आलं. मग त्यानं बाही सारली, चमचा आडवा धरला आणि गोळा तळाशी दाबून धरला. चांगला दाबून धरला. शेवटी चमच्याखाली काही लागेना, तेव्हा त्यानं ग्लास मास्तरांच्या पुढं नेऊन ठेवला.

मास्तरांनी ग्लासात डोकावून पाहिलं. "यात आइस्क्रीम कुठाय?"

"बुडालं."

"पण दिसत नाही."

"बुडालेलं कसं दिसेल, मास्तर?"

मास्तरांनी चमचा फिरवला. कोमट, गढूळ, गोडसर काहीतरी ढवळलं गेलं. "अहो, हे तर विरघळलं!"

"सहजासहजी नाही विरघळलं," निवृत्ती म्हणाला. "फार झुंज दिली त्यानं."

मामांनी कपाळावर हात मारला. "जावईबापू, बुडवायचं म्हणजे असं जीव घेऊन बुडवायचं नाही! गोळा आधी बशीत ठेवायचा. मग त्याच्यावर कॉफी ओतायची, गिऱ्हाइकासमोर. खाली गार दिसलं की वरून गरम ओतायचं. एवढं साधं आहे."

"चूक झाली, मामा. पण शिकलो," निवृत्ती म्हणाला. खाली गार, वरून गरम. त्यानं धडा पक्का केला.

त्याच दुपारी कापडवाले रतनशेठ आले. रतनशेठ दुकानात कधीही आले तरी एकच पदार्थ खायचे. बशीत मलई कुल्फी. तिचे ते सुरीनं पातळ काप करायचे आणि एकेक काप जिभेवर ठेवून डोळे मिटायचे. त्यांनी पहिल्या कापाला डोळे मिटले.

निवृत्ती किटली घेऊन चालला होता. त्यानं बशी बघितली. खाली गार होतं. वरून गरम नव्हतं. त्यानं मान हलवली. मामा घाईत विसरलेले दिसताहेत, असं मनाशी म्हणाला. पण गिऱ्हाइकासमोर ओतायचं, म्हणून तो शेठचे डोळे उघडायची वाट बघत थांबला. शेठनी डोळे उघडले. निवृत्तीनं किटली कलती केली.

काळ्या कॉफीची धार कुल्फीवर पडली, कुल्फीवरून बशीत आली, बशीतून शेठच्या पांढऱ्या धोतरावर आली. शेठ किंचाळून उभे राहिले.

"अरे, अरे, अरे! हे काय केलं?"

"तुमच्यासमोर ओतली, शेठ. बघितलंत ना?"

"बघितलं! आता साऱ्या पेठेला दिसेल!" शेठनी धोतर झटकलं. "दिनकरराव, तुमचा जावई अफू नुसता खातच नाही, दुसऱ्यालाही देतो!"

मामांनी शेठला हात जोडले आणि घरी पोचवून आले. आल्यावर घोटभर पाणी प्याले आणि सावकाश म्हणाले, "जावईबापू, कुणाच्याही अंगावर, बशीवर, कशावरही काही ओतण्याआधी विचारायचं. 'ओतू का?' म्हणून विचारायचं. समोरचा 'होय' म्हणाला तर ओतायचं. 'थांबा' म्हणाला तर थांबायचं."

"चूक झाली, मामा. पण शिकलो." निवृत्तीनं हाही धडा पक्का केला. त्या दिवशी त्यानं इंदूला जेवताना विचारलं, "माझ्या ताटात आमटी ओतू का?"

"तुमच्याच ताटात की," इंदू म्हणाली.

"होय का नाही ते सांग."

"होय हो, होय!"

तेव्हा कुठं तो जेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा दुकानात देवाच्या तसबिरीपुढं उभे होते. उदबत्त्या लावून, डोळे मिटून स्तोत्र म्हणत होते. स्तोत्र म्हणताना मध्ये बोलायचं नाही, हा त्यांचा नेम होता. खांद्यावरच्या उपरण्याचं टोक उदबत्तीला लागलं. आधी बारीक धूर निघाला. मग टोक लाल झालं.

निवृत्ती पाण्याचा जग घेऊन टेबलं पुसायला निघाला होता. त्यानं ते बघितलं. लगेच मामांच्या मागं जाऊन उभा राहिला आणि नम्रपणानं विचारलं, "मामा, ओतू का?"

मामांना वाटलं, कॉफीचं विचारतोय. त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. थांबा.

निवृत्ती थांबला.

धूर वाढला. उपरणं पाठीपर्यंत जळत आलं. निवृत्तीनं पुन्हा विचारलं, "मामा, आता तरी ओतू का?"

मामांनी जोरात हात हलवला. थांबा म्हणजे थांबा.

निवृत्ती थांबला. त्याला काळजी वाटत होती, पण शिकलेलं विसरायचं नाही असं त्यानं ठरवलं होतं. मग मामांच्या पाठीला चटका बसला. स्तोत्र अर्ध्यावर तुटलं.

"आई गं! पाणी! जावईबापू, पाणी!"

"प्यायला का ओतायला?"

"ओता!"

"होय म्हणा, मामा."

"होय! होय! होय!"

निवृत्तीनं जग रिकामा केला. मामा चिंब होऊन स्टुलावर बसले. उपरण्याचा निम्मा भाग उरला होता. मामांनी तो हातात घेतला, त्याच्याकडं बघितलं, निवृत्तीकडं बघितलं. राग नेहमीप्रमाणं घशाशी येऊन अडला. त्यांना ठसकाच लागला.

"जावईबापू," ते खोकत म्हणाले, "धूर दिसला की विचारायचं नसतं! धूर दिसला की पहिली बादली ओतायची आणि मग तोंड उघडायचं!"

"चूक झाली, मामा. पण शिकलो," निवृत्ती म्हणाला. "माझं डोकं म्हणजे रांजण आहे. भरायला वेळ लागतो, पण एकदा भरलं की गळत नाही."

"ते बघतोय मी," मामा म्हणाले.

पाडव्याचा आदला दिवस उजाडला. भालचंद्रनं सकाळपासून खपून दुसरा इटालियन पदार्थ केला. साय फेटली, साखर घातली, त्यात ती काळी कॉफी मिसळली आणि ट्रे भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवले. पाडव्यासाठी आणलेलं सगळं आइस्क्रीमही त्यातच होतं. मग भालचंद्र आणि मामा बापूसाहेबांना आमंत्रणाची आठवण द्यायला गेले. दुकानात निवृत्ती एकटा.

ऊन रणरणत होतं. एका बाईंनी कुल्फी मागितली. निवृत्तीनं फ्रीजरचं झाकण उचललं.

आतून पांढरा धूर आला.

चांगला भरपूर आला. काठावरून ओघळला, निवृत्तीच्या पायांवर पसरला. निवृत्तीनं बाईंना काही विचारलं नाही. मामांनाही हाक मारली नाही. तोंड घट्ट मिटून तो मोरीकडं धावला आणि भरलेली बादली आणून फ्रीजरमध्ये उपडी केली. धूर थोडा कमी झाला. त्यानं दुसरी बादली आणली. मग झाकण लावलं, घाम पुसला आणि तेव्हाच तोंड उघडलं.

"घाबरू नका," तो बाईंना म्हणाला. "विझलं."

मामा आणि भालचंद्र तिन्हीसांजेला परत आले. फ्रीजर उघडला. आत एकच मोठी लादी झाली होती. लादीच्या पोटात कुल्फ्या दिसत होत्या, आइस्क्रीमचे डबे दिसत होते, ट्रे दिसत होते. सगळं नीट दिसत होतं. फक्त बाहेर काढता येत नव्हतं.

"हे काय आहे?" मामांचा आवाज बारीक झाला होता.

"धूर येत होता, मामा. अगदी गार धूर. पण मी म्हटलं, गार असला तरी धूर तो धूरच."

भालचंद्र फ्रीजरच्या काठाला धरून उभा राहिला. "निवृत्तीराव, तो सेमीफ्रेडो होता हो माझा. सेमीफ्रेडो! म्हणजे अर्धं थंड. त्याला मऊ ठेवायचं असतं."

"अर्धं थंड होतं होय?" निवृत्तीनं लादीवर टकटक केलं. "आता सबंध झालंय."

भालचंद्रला हसू आलं. मामांना आलं नाही. ते काउंटरला टेकून म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला पदार्थाचा अर्थच माहीत नव्हता, म्हणून हे झालं. उद्या शेवटचा दिवस आहे. उद्या गिऱ्हाईक ज्या पदार्थाचं नाव घेईल, त्याचा अर्थ आधी भालचंद्रला विचारायचा. आणि अर्थ सांगेल तसंच वागायचं. आपलं डोकं चालवायचं नाही."

"ते मी कधीच चालवत नाही, मामा," निवृत्ती म्हणाला. "चूक झाली. पण शिकलो."

पाडव्याची गुढी उभी राहिली. दुकानाला झेंडूची तोरणं लागली. पेठेतली सगळी माणसं जमली. रतनशेठ नवं धोतर नेसून, कॉफीच्या किटलीपासून लांब उभे होते. पुतण्या संपत दाराशी उभा राहून भिंती डोळ्यांनी मोजत होता. चपलांच्या फळ्या कुठं बसतील ते बघत असावा. इंदू आतल्या दारात उभी होती आणि हातातल्या बांगड्या वरखाली करत होती.

घरच्या फ्रीजमध्ये आइस्क्रीमचा एक डबा शिल्लक होता. भालचंद्रनं त्याचा एकच मोठा वाडगा सजवला. खाली कॉफीत भिजवलेली बिस्किटं, त्यावर आइस्क्रीम, पुन्हा बिस्किटं, पुन्हा आइस्क्रीम, वर कोकोची पूड. निवृत्ती शेजारीच उभा होता.

"साडूभाऊ, याचं नाव काय?"

"तिरामिसू."

"अर्थ?"

भालचंद्र कोको भुरभुरवत होता. त्याचं लक्ष वाडग्यात होतं. "अर्थ होय? 'मला वर उचल'."

निवृत्तीनं वाडगा निरखून बघितला. "असं कोण म्हणतं?"

"जो मागेल तो म्हणतो," भालचंद्र म्हणाला आणि चमचा आणायला आत गेला.

बापूसाहेब आले. बापूसाहेब म्हणजे दांडगं प्रस्थ. जीपमधून उतरले की जीप बोटभर वर यायची. डोक्याला केशरी फेटा, बोटांत अंगठ्या. त्यांनी फीत कापली. मधल्या खुर्चीत बसले. खुर्ची कुरकुरली. डोक्यावर पंखा गरगरत होता. मामा हात चोळत पुढं झाले.

"बापूसाहेब, काय घेणार?"

बापूसाहेबांना नाव आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी चार माणसांकडं बघितलं, घसा खाकरला आणि भाषणाच्या आवाजात म्हणाले, "मला... ति-रा-मि-सू!"

टाळ्या पडल्या. निवृत्तीनं बापूसाहेबांकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. काम जड होतं. पण इंदू दारात उभी होती, आणि एवढं एक जमवायचं होतं. शिवाय लग्नानंतर रोज बर्फाच्या लाद्या उचलून त्याचे दंड तयार झाले होते.

तो खुर्चीमागं गेला. खाली बसला. खुर्चीचे पाय धरले. "बजरंगबली की जय" म्हणाला आणि बापूसाहेबांना खुर्चीसकट वर उचललं.

लोकांना वाटलं, हा सत्काराचा भाग आहे. त्यांनी आणखी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी घोषणा दिली, "बापूसाहेबांचा विजय असो!" बापूसाहेबांनाही आधी तसंच वाटलं. त्यांनी वरून हात हलवला. तेवढ्यात फेट्याचा तुरा पंख्यात अडकला.

फेटा उलगडू लागला. पंखा फिरत होता आणि फेटा पंख्याला गुंडाळत होता. वारभर गेला, दोन वार गेला. शेवटी बापूसाहेबांचं टक्कल उघडं पडलं. ते टक्कल गावानं आजवर बघितलं नव्हतं.

"खाली!" बापूसाहेब ओरडले. "खाली ठेव मला!"

निवृत्ती घामानं निथळत होता. पण धडा पक्का होता. त्यानं आतल्या दाराकडं तोंड करून विचारलं, "साडूभाऊ! हे 'खाली ठेव' मागताहेत! तो पदार्थ आहे का आपल्याकडं?"

भालचंद्र चमचा घेऊन बाहेर आला आणि जागच्या जागी उभा राहिला. निवृत्तीचे दंड भरून आले. खुर्ची कलली. बापूसाहेब सावकाश, मानानं, घसरत खाली आले आणि टेबलावर बसले. तिरामिसूचा वाडगा त्याच टेबलावर होता. नेमक्या त्याच जागी.

दुकानात कुणी हसलं नाही. सगळ्यांनी हसू बाहेर नेलं आणि तिथं हसले. बापूसाहेब उठले, मागं हात लावून बघितला आणि जीपकडं चालू लागले. मागून त्यांच्याकडं बघवत नव्हतं. संपतनं खिशातून टेप काढून सरळ भिंत मोजायला घेतली.

मामा खुर्चीत कोसळले. घशात अडलेला वर्षानुवर्षांचा राग एकदम सुटला. तरीही रीत सुटली नाही.

"जावईबापू! तुमचं काही चुकलं नाही! चुकलं माझं! तुमच्या हातात दुकान द्यायला निघालो, मीच मूर्ख! लिहा! बाहेर भिंतीवर लिहा, या दुकानाचा मालक मूर्ख आहे! म्हणजे येणारी माणसं सावध तरी होतील!"

"मोठ्या अक्षरात?" निवृत्तीनं विचारलं.

"मोठ्या!"

"रंग?"

"लाल! लाल रंगात लिहा! आणि मला घरी जाऊन पडू द्या!"

मामा घरी जाऊन पडले. उन्हं कलल्यावर, जरा बरं वाटलं म्हणून, काठी टेकत पेठेत आले. दुकानापुढं जत्रा लोटली होती. मामांना बघताच गर्दीनं वाट करून दिली. जो तो फार आदरानं वाकत होता.

"या, मालक!"

"नमस्कार, मालक!"

"मालकांना जागा द्या रे!"

मामांनी वर बघितलं. दुकानाच्या भिंतीवर, पार एसटी स्टँडवरून वाचता येईल एवढ्या तांबड्या अक्षरांत लिहिलं होतं, 'या दुकानाचा मालक मूर्ख आहे'. अक्षर वळणदार होतं. खाली निवृत्ती ब्रश धुवत बसला होता.

"पुसा ते!" मामा ओरडले.

"ऑइल पेंट आहे, मामा. चांगला टिकाऊ घेतला. तीन पावसाळे हलत नाही म्हणाला दुकानदार."

गर्दीत हशा पिकला. बापूसाहेबांची जीप नेमकी तिकडून चालली होती. ती थांबली. बापूसाहेब धोतर बदलून, नवा फेटा बांधून बसले होते. त्यांनी भिंत वाचली. एकदा वाचली, दुसऱ्यांदा वाचली. मग त्यांचं पोट हलू लागलं. सबंध जीप हलू लागली.

"वा, दिनकरराव! बारा वर्षं चेअरमन आहे मी. एवढं खरं बोलणारी पाटी आमच्या कारखान्यावरसुद्धा नाही!" ते खाली उतरले. "आण रे ते तुझं कॉफीचं काय ते! पण मी उभाच राहून खाणार!"

चेअरमन खातात म्हटल्यावर सगळेच खाऊ लागले. भालचंद्रनं आता पहार आणून लादी फोडली आणि डबे मोकळे केले. निवृत्तीनं गोळे बशीत ठेवले आणि प्रत्येकासमोर धरून वरून कॉफी ओतली. ओतण्याआधी विचारलं. पोस्टमास्तरांनी दोन खाल्ले. रतनशेठनी लांबूनच एक मागवला. आणि खाणारा प्रत्येक माणूस भिंतीकडं बघे, मामांकडं बघे, आणि हसत म्हणे, "झकास हो, मालक!"

प्रत्येक 'मालक' मामांच्या पाठीवर उदबत्तीच्या चटक्यासारखा बसत होता. शेवटी ते काठी आपटून ओरडले, "मी मालक नाही! आत्ता या घटकेपासून नाही! संपत! ये इकडं. हे दुकान तुझं. घे किल्ल्या!"

संपत दोन पावलं पुढं आला. मग त्यानं वर भिंतीकडं बघितलं. गर्दीकडं बघितलं. टेप गुंडाळून खिशात घातला.

"नको काका," तो म्हणाला. "मला कुठं एवढी घाई आहे?" आणि पारामागून निघून गेला.

मामांनी भालचंद्रकडं बघितलं. भालचंद्र किटलीचं झाकण फार बारकाईनं तपासू लागला. मामा किल्ल्या हातात धरून उभे राहिले. त्या जळत्या निखाऱ्यासारख्या झाल्या होत्या. कुणी घेईना.

"मामा," निवृत्ती हात पुसत म्हणाला, "मला चालेल."

"काय चालेल?"

"मालक व्हायला. भिंतीवरचं ते मला काही नवीन नाही. लोक आधीपासून म्हणतातच."

मामांनी क्षणभरही विचार केला नाही. चार माणसांदेखत किल्ल्यांचा जुडगा निवृत्तीच्या हातात कोंबला. "जावईबापू, आजपासून मालक तुम्ही! सगळ्यांनी ऐकलं ना? मालक हे!" आणि गुडघे दुखत असूनही काठी न टेकता घराकडं निघाले.

इंदू पदर सावरत बाहेर आली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू होतं. ती निवृत्तीच्या कानाशी येऊन म्हणाली, "अहो, झालं ना आता सगळं मनासारखं? मग आता पहिल्यांदा ती भिंत पुसा. नाही निघालं तर वरून चुना मारा."

निवृत्तीनं किल्ल्या कमरेला खोचल्या. मागं सरून, मान तिरकी करून भिंतीवरची अक्षरं निरखली.

"पुसू कशाला?" तो म्हणाला. "दुपारपासून खोटं होतं, तेव्हा कुणी पुसलं नाही. आत्ता कुठं खरं झालंय."